साळिंदराचा आवाज

“पण बाबा, मी तो विकत घेतला होता,” जावई फोनवर बोट सरकवत तिसऱ्यांदा म्हणाला. “भाड्याने नाही, विकत. इथंच होता. मागच्या महिन्यात छोटीने दोनदा बघितला.”

“विकत घेतलात म्हणजे नेमकं काय घेतलंत?” छाननीबुवांनी विचारलं. विचारता विचारता त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायला घेतला. ही त्यांची जुनी खोड. उत्तर आधीच ठाऊक असलं की त्यांना चष्मा पुसायची लहर यायची.

“म्हणजे काय? सिनेमा घेतला.”

“मग दाखवा की आम्हाला.”

जावयाने फोन पुढे केला. पडद्यावर देवमाशाच्या सिनेमाचं चित्र होतं, पण करडं पडलेलं, आणि खाली एक ओळ होती : हा सिनेमा आता आमच्याकडे उपलब्ध नाही. कुठल्या तरी दोन कंपन्यांमधला करार संपला होता, आणि त्यापायी पाच वर्षांची छोटी इथे जमिनीवर बसून भोकाड पसरत होती.

नातीचं रडणं छाननीबुवांना बघवत नव्हतं हे खरं, पण निवृत्त झाल्यापासून इतका आनंदही त्यांना कधी झाला नव्हता. “याला विकत घेणं म्हणत नाहीत,” ते म्हणाले. “याला बघायची परवानगी म्हणतात. दुकानदार वाटेल तेव्हा येणार, तुमच्या घरातली वस्तू उचलून नेणार, आणि तुम्ही बघत बसणार. माझ्या पेटीतलं नेऊन दाखवा म्हणावं कुणी.”

“झालं सुरू,” लेक स्वयंपाकघरातून म्हणाली.

छाननीबुवा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एका मोठ्या सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली, त्या कचेरीने ठेवलेलं. खिडकी नसलेली ती तळघरातली खोली, छतापर्यंत फायली, आणि मधोमध टेबलाशी हे. काम एकच : जुन्या फायली उघडायच्या, काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवायचं. एका साध्या पत्राची फाईलमध्ये मूळ प्रत असे, शिवाय टंकलेखित नक्कल, नकलेची नक्कल, चार कार्बन. छाननीबुवा मूळ कागद ठेवत आणि बाकीच्यांवर लाल पेन्सिलीने फुली मारून बाद करत. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही मूळ कागद गेला नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात एवढंच सांगितलं, आणि सांगण्यासारखं तेवढंच होतं.

त्यांचा दुसरा नाद सिनेमाचा. परदेशी सिनेमांच्या सहाशेवर डिस्क त्यांनी जमवल्या होत्या. तीन कपाटं भरून त्या पलंगाखाली शिरल्या, तेव्हा लेकीने धोशा लावला, की बाबा, ही अडगळ काढा, आता सगळं फोनवर विकत मिळतं. छाननीबुवांनी अडगळ काढायचं कबूल केलं, पण विकत घ्यायचं नाही. संगणक दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडून त्यांनी डिस्कमधला सिनेमा उतरवून घ्यायची विद्या शिकून घेतली आणि एक काळी पेटी आणली. पेटीत सारख्या आकाराच्या दोन हार्डडिस्क बसवल्या, एकीने मान टाकली तर दुसरी असावी म्हणून. मग आठ महिने ते रोज सकाळी अंघोळ करून संगणकाशी बसत, ते थेट जेवायला उठत. सहाशे बारा सिनेमे पेटीत गेले. घरातल्या टीव्हीवर यादी उघडायची, बटण दाबायचं, सिनेमा सुरू. ना दुकानदार, ना करार.

“छोटे, रडू नकोस,” ते आता म्हणाले. “देवमासा माझ्याकडेही नाही. पण दुसरं काय हवं ते सांग.”

“साळिंदर लावा,” त्यांची बायको म्हणाली.

ती एवढा वेळ खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. तिचा आवाज कानावर पडताच छोटी रडायची थांबली आणि बापाच्या मांडीला जाऊन चिकटली. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाजाची नस दुखावली ती दुखावलीच. आता ती बोलली की फरशीवरून पत्रा ओढल्यासारखं वाटे. छोटी फोनवर आजीशी बोलायची नाही. आजीच्या घशात राक्षस बसलाय, असं तिने एकदा आईला सांगितलं आणि ते पलीकडे ऐकू गेलं. बायको तेव्हा हसली होती. पण तेव्हापासून फोन आला की ती तो नवऱ्याच्या हातात द्यायला लागली.

हीच बाई एकोणीस वर्षं आवाजावर जगली, हे छोटीला कुठून ठाऊक असणार? परदेशी सिनेमांना आपल्या भाषेतला आवाज द्यायचं काम ती करत असे. गावातल्या एका जुन्या इमारतीत भिंतींना गोधड्या ठोकलेली एक खोली होती, तिथे ती दुपारची जायची. कधी नर्स, कधी तिसरी शेजारीण, कधी गर्दीतली किंचाळणारी बाई, कधी पाळण्यातलं रडणारं पोर. श्रेयनामावलीत तिचं नाव कधी आलं नाही. काम संपलं की स्टुडिओवाले सिनेमाची एक डिस्क देत, ती घेऊन ती घरी येई. अशा त्रेचाळीस डिस्क. एकदाच तिला मुख्य भूमिका मिळाली होती, ती या साळिंदराची. टपाल वाटणारं साळिंदर. घरोघरची पत्रं काट्यांना टोचून जंगलभर फिरायचं.

लेकीला तिने महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं, “या खेपेला छोटीला साळिंदर दाखवायचंय. मी कशी बोलायचे ते कळू दे तिला.” एवढं एक वाक्य बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं होतं.

छाननीबुवांनी ऐटीत यादी उघडली आणि साळिंदर लावलं. पडद्यावर धुकं, झाडं, आणि पानांतून बाहेर येणारं एक काटेरी नाक. बायकोने खुर्ची पुढे ओढली. साळिंदराने तोंड उघडलं आणि ते घोगऱ्या पुरुषी आवाजात परदेशी भाषेत काहीतरी बोललं.

“हे काय बोलतंय?” छोटीने विचारलं.

“भाषा बदला,” बायको म्हणाली.

छाननीबुवांनी रिमोटचं बटण दाबलं. भाषांची यादी आली. यादीत एकच ओळ होती. त्यांनी ती बंद करून पुन्हा उघडली. तीच ओळ.

“असं कसं होईल,” ते पुटपुटले आणि सिनेमा बदलला. ज्यात बायको नर्स होती तो लावला. एकच ओळ. शेजारणीचा लावला, पाळण्यातल्या पोराचा लावला. पाचव्या सिनेमाला त्यांनी रिमोट खाली ठेवला, कारण त्यांना आठवलं होतं.

अगदी पहिल्या दिवशी, पहिली डिस्क घातल्यावर, संगणकाने विचारलं होतं. मूळ आवाजासमोर एक चौकोन, भाषांतरित आवाजासमोर दुसरा, दोन्हींत बरोबरची खूण. छाननीबुवांनी क्षणभरही विचार केला नाही. मूळ ठेवायचं, नक्कल काढायची. दुसऱ्या चौकोनातली खूण त्यांनी काढून टाकली आणि खाली लिहिलेलं होतं ते बटण दाबलं : यापुढे सर्व डिस्कना हेच लागू करा. त्यामुळे पेटीत दोनशे जीबी जागा वाचणार, हे त्यांनी त्याच आठवड्यात दोघातिघांना फोन करून सांगितलंही होतं.

“बाबा,” जावयाने हळूच विचारलं, “दुसरा ट्रॅक घेतलाच नव्हता का?” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

“ती नक्कल होती,” छाननीबुवांच्या तोंडून निघून गेलं.

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. “मी विचारलं होतं,” ती म्हणाली. “माझंही आत गेलं का म्हणून. तुम्ही म्हणालात, सगळं म्हणजे सगळं.”

“मला वाटलं तू सिनेमांबद्दल विचारतेयस.”

“अहो, मग परत उतरवा ना,” लेक हात पुसत बाहेर आली. “एवढं काय त्यात? आईच्या त्रेचाळीस डिस्क तर आहेत. कुठे ठेवल्यात? माळ्यावर?”

छाननीबुवांनी टीव्ही बंद केला.

“बाबा, डिस्क कुठे आहेत?”

“भंगारात दिल्या. उन्हाळ्यात.”

“कुठल्या भंगारवाल्याला? चला, आत्ता जाऊन बघू. एखादी तरी पडली असेल त्याच्याकडे.”

“असली तरी उपयोग नाही,” छाननीबुवा म्हणाले. पुढचं सांगणं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण लेक समोरून हलेना. “डिस्क दुसऱ्याला जाऊ द्यायची आणि प्रत आपण ठेवायची, ही चोरी झाली. म्हणून मी त्या आधी बाद केल्या. खिळ्याने. प्रत्येकीवर फुली मारून.”

“सहाशेच्या सहाशे?”

“सहाशे बारा.”

लेकीने कपाळावर हात मारला. जावई उगाचच फोनमध्ये बघू लागला. बाहेर कुणाची तरी मोटार सुरू होत नव्हती, तिचं घरघरणं बराच वेळ ऐकू येत राहिलं.

“एकदा तरी,” बायको म्हणाली. मग थांबली, घसा साफ केला, पण तो कशानेच साफ होत नसे. “त्रेचाळीस होत्या. त्यातली एक. एकदा तरी आपल्या भाषेत लावून बघितलीत?”

“मी नेहमी मूळच बघतो. तुला माहितीय.”

“हो. माहितीय.”

ती उठली आणि चहाचे कप गोळा करून आत घेऊन गेली. कप विसळताना तिने जरासुद्धा आपटले नाहीत. छाननीबुवांना वाटलं, तिने एखादा तरी फोडावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता ते घराबाहेर पडले. त्या स्टुडिओतला ध्वनिमुद्रक अजून गावातच होता, हे त्यांना ठाऊक होतं. स्टुडिओ बंद पडल्यावर त्याने बाजारपेठेत कानाच्या मशीनचं दुकान टाकलं होतं. रविवारी अर्धा दिवस ते उघडं असे. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कानात मशीन बसवून तो “आता? आता येतंय का ऐकू?” असं खच्चून ओरडत होता. गिऱ्हाईक गेल्यावर छाननीबुवांनी आपली ओळख सांगितली. बायकोचं नाव निघताच तो माणूस खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

“तुम्ही बाईंचे मिस्टर होय! बसा, बसा. कशा आहेत बाई?”

“बऱ्या आहेत. जरा घशाचं ऑपरेशन झालं.”

“आवाज?”

छाननीबुवांनी नुसती मान हलवली. त्या माणसाने हळहळून जीभ टाळ्याला लावली आणि थोडा वेळ समोरच्या काचेच्या कपाटातल्या मशीन सरळ करत बसला. जुनं काही शिल्लक आहे का, असं छाननीबुवांनी विचारल्यावर त्याने तसंच खाली बघत सांगितलं, “काही नाही हो. एक मूळ प्रत कंपनीला जायची, आमच्याकडची पुसून तिच्यावरच पुढचं काम. आणि कंपनी गेली दुसऱ्याच्या ताब्यात. त्यांनी सगळ्यांना नवे आवाज दिले, नव्या मुलींचे. जुनं राहिलं असेल ते तेवढं डिस्कवर, आणि त्याही आता बाजारात कुठे मिळत नाहीत. पण तुमच्याकडे असतीलच की! बाई दर वेळी न चुकता घेऊन जायच्या.”

“आहेत,” छाननीबुवा म्हणाले.

“मग झालं तर! साळिंदर आहे ना? त्यातली ती जागा आठवते का तुम्हाला, पत्र हरवतं ती? म्हाताऱ्या घुबडाला त्याच्या मुलाचं आलेलं पत्र साळिंदराच्या काट्यावरून कुठेतरी गळून पडतं, आणि आता त्याला काय सांगायचं? मूळ सिनेमात तो नट नुसता धाय मोकलून रडतो. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, मी नाही असं रडणार. ज्याच्या हातून दुसऱ्याची वस्तू हरवते ना, त्याला मोठ्याने रडायचीसुद्धा लाज वाटते. आणि मग एवढ्या एवढ्या आवाजात म्हणाल्या, ‘आजोबा, आज तुमचं काही आलं नाही.’ बस्. पुढे नुसता श्वास. अहो, मी इकडे काचेमागे बसून रडलो. एका दमात झालं ते, दुसरा टेक नाही. मूळच्यापेक्षा सरस, सांगतो तुम्हाला. तुम्ही ऐकलंयच म्हणा.”

“हो,” छाननीबुवा म्हणाले.

“त्या दिवसापासून डिस्कसाठी नुसती घाई त्यांची. अजून तयार नाही म्हटलं तर रोज विचारायच्या. यांना दाखवायचीय म्हणायच्या.”

डिस्क घरी आली ती संध्याकाळ छाननीबुवांना लख्ख आठवत होती. बायको पदराने हात पुसत बाहेर येऊन बसली होती. सिनेमा सुरू झाला, साळिंदर आपल्या भाषेत अर्धं वाक्य बोललं न बोललं तोच त्यांनी रिमोट उचलून मूळ आवाज लावला होता आणि खाली अक्षरं आणली होती. सवयीने. ती तरीही सिनेमा संपेपर्यंत शेजारी बसली होती. चांगला आहे, असं त्यांनी शेवटी म्हटलं होतं, आणि तीही म्हणाली होती, हो, चांगला आहे.

दुकानातून निघताना त्या माणसाने बाईंना नमस्कार सांगा म्हटलं. छाननीबुवा नेहमीच्या रस्त्याने न येता लांबच्या रस्त्याने घरी आले. वाटेत भंगाराचं दुकान लागलं. दारात वायरींच्या गुंडाळ्या आणि पंख्यांची पाती पडली होती. त्यांनी आत डोकावून बघितलं नाही. काय सापडणार ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

घरात शिरले तर हसण्याचा आवाज. छोटी टीव्हीसमोर मांडी ठोकून बसली होती आणि पडद्यावर साळिंदर होतं. ते आपल्या भाषेत बोलत होतं.

“मी घेऊन टाकला, बाबा,” जावई जरा ओशाळून म्हणाला. “विकत. दोन मिनिटांत मिळाला. आवाज आईंचा नाहीये, पण हिला निदान कळतंय तरी. आईच म्हणाल्या, लाव.”

छाननीबुवांनी मान डोलावली. विकत घेणं म्हणजे काय, हे त्यांनी या वेळी विचारलं नाही. ते पलंगाच्या कडेला टेकले. नवा आवाज एका तरण्या मुलीचा होता. चुरचुरीत, भरभर बोलणारा. छोटी एकेका वाक्याला खिदळत होती. वाईट नव्हता तो आवाज, आणि तीच गोष्ट त्यांना सहन होत नव्हती.

बायको कालच्याच खुर्चीत बसली होती. ती छोटीकडे बघत नव्हती, त्यांच्याकडेही नाही. पडद्याकडे बघत होती. बऱ्याच वेळाने त्यांच्या ध्यानात आलं, की तिचे ओठ हलताहेत. आवाज नव्हता, पण प्रत्येक वाक्याला हलत होते. साळिंदराने तोंड उघडलं की उघडत होते, मिटलं की मिटत होते. शब्द वेगळे असावेत, कारण पडद्यावरची मुलगी बोलत राही तेव्हाही बायकोचं वाक्य कधी कधी आधीच संपलेलं असे. बावीस वर्षं झाली होती आणि तिला एकूणएक पाठ होतं. आपल्या बायकोला काहीतरी एवढं पाठ आहे, हे छाननीबुवांना आज कळत होतं.

पडद्यावर रात्र झाली. साळिंदर घुबडाच्या झाडाखाली येऊन उभं राहिलं आणि पाठीवरचे काटे एकेक करून चाचपू लागलं. छाननीबुवा पुढे सरकून बसले. नव्या आवाजाची ती मुलगी रडायला लागली. मोठ्याने, हुंदके देऊन, मूळच्या नटासारखं. बायकोचे ओठ मात्र एकदाच हलले, अगदी थोडे, आणि थांबले. मग तिची छाती तेवढी वरखाली होत राहिली.

छाननीबुवांनी रिमोट उचलला आणि आवाज कमी केला. एक घर, दोन घरं, तीन. काही ऐकू येईल असं त्यांना वाटत होतं असं नाही. तरी ते बायकोच्या दिशेने कान करून वाकले.

“आजोबा, आवाज!” छोटी मागे न बघताच ओरडली.

“अहो, वाढवा,” बायको म्हणाली. “तिला ऐकू दे.”

त्यांनी आवाज वाढवला.